भोयर मॅडमचं सलून

भोयर मॅडम माणसाचा चेहरा नंतर पाहत. आधी गुडघे पाहत. यवतमाळात दारव्हा रोडला त्यांचं घर होतं. त्याचा वरचा मजला भाड्यानं मागायला मी आणि माझी बायको गेलो, तेव्हा त्यांनी आमचं गाव विचारलं नाही, आडनावावरून पुढची चौकशी केली नाही, घरात काय शिजतं तेही विचारलं नाही. जिन्याच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "चढून दाखवा."

मी चढलो.

"उतरा आता. उजव्या गुडघ्याले काय झालं होतं सर तुमच्या?"

लहानपणी मी सायकलवरून पडलो होतो, ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. मॅडमनी मला तिथल्या तिथे दोन व्यायाम करून दाखवले, माझ्याकडून करवून घेतले, आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. "रोज करून घ्या यांच्याकडून," एवढीच भाड्याची अट.

मुलींच्या ज्या शाळेत मी गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो, तिथेच त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्ती जवळ आली होती. उंच, काटक, आवळलेला अंबाडा, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "सराव चालू होता, राहून गेलं" असं म्हणत. कोणी पोक काढून बसलेलं त्यांना खपत नसे. गॅस सिलिंडर आणणारा असो, शिक्षणाधिकारी असो, मागून जाता जाता "पाठ!" एवढा एकच शब्द यायचा आणि समोरचा माणूस ताठ व्हायचा. मैदानावर पोरी धापा टाकत थांबल्या की म्हणायच्या, "दम लागला? चांगलं आहे. म्हणजे जिवंत आहा."

हेच वाक्य एका शुक्रवारी दुपारी खालच्या शेडमधून ऐकू आलं, तेव्हा आत कुणी मुलगी असेल असं वाटून मी डोकावलो. आत गाडी होती. निदान तिचा सांगाडा तरी. बॉनेट उघडं होतं, आतून खोकल्यासारखा आवाज येऊन थांबला होता, आणि मॅडम तिला तेच सांगत होत्या.

ती गाडी त्यांच्याकडे आली त्याची हकिगत त्या अगदी साध्या सुरात सांगत. त्यांना हवं होतं लोखंडी फाटक. शहरातला एका वकिलाचा जुना बंगला पाडायला काढला होता आणि त्याचं फाटक मॅडमच्या मनात भरलं होतं. वकिलाचा पुतण्या मुंबईहून आलेला, परतीच्या घाईत. तो म्हणाला, फाटक न्या, पण चिंचेखाली ते धूड पडलं आहे तेही उचला, नाहीतर मला उचलावं लागेल. "मी म्हटलं, फाटक चांगलं आहे बाप्पा, त्याच्यासाठी एवढं करू." त्या धुडाच्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिलं निघेपर्यंत मॅडम थांबल्या, मग बैलबंडीला बांधून गाडी घरी आणली.

शेजारपाजारच्यांना वाटलं, भंगारात घालतील. पण मॅडमना पडलेलं माणूस उठवायची सवय होती. त्यांनी लोहाऱ्याहून रहीमभाईंना बोलावलं.

रहीमभाई ट्रक-ट्रॅक्टरची कामं करणारे जुने मिस्त्री. बारीक अंगाचे, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलताना हिंदी कुठं संपते आणि वऱ्हाडी कुठं सुरू होते ते त्यांनाही कळत नसावं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या जाळीवरची धूळ फुंकली आणि डोक्यावरची टोपी नीट केली. "मॅडम, ये कोई ऐसी-वैसी कार नाही. विलायती आहे. हिले स्पोर्ट्स सलून बोलतेत. बसाले घरच्यासारखी, पळाले घोड्यासारखी. माझ्या उस्तादनं एक पाह्यली होती, जवानीत."

"मग हिचे सामान मिळते काय?"

"सामान नाही मिळत. पण माझ्यापाशी उस्तादचे इंची पाने आहेत. बाकी ऊपरवाला बघून घेईल."

तेव्हापासून दर शुक्रवारी गॅरेज बंद असलं की नमाज आटोपून रहीमभाई पिशवी घेऊन यायचे. वर्षानुवर्षं. इंजिन जाम होतं, त्यात डिझेल ओतून ते भिजत ठेवलं. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्या एकेक करून नव्या ओढल्या. सीटचं चामडं एका चांभारानं शिवलं. लाकडी डॅशबोर्ड हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यानं घासून चमकवला. मॅडम सगळे नटबोल्ट भांड्यांच्या पावडरीनं धूत आणि गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घालाव्यात तसे वाळत घालत. रहीमभाई कपाळावर हात मारत. "मॅडम, ऑइल से धोते हैं इसको! पाण्यानं जंग लागते!"

"ऑइलनं धुतलेली वस्तू स्वच्छ कशी होईल, मले सांगा तुम्ही."

मग रहीमभाई ते सगळे बोल्ट गुपचूप तेलातून काढत आणि दोघंही आपापल्या परीनं जिंकत. गाडीच्या स्वभावाबद्दलही त्यांचं पटत नसे. रहीमभाईंच्या मते ती नाजूक मिजाजाची होती, तिच्याशी नरमाईनं बोलावं लागायचं. मॅडमच्या मते ती लाडानं बिघडलेली होती. एक जण बॉनेटवर हात फिरवून "चल मेरी जान" म्हणायचा, दुसरी पाठीमागून "नाटक बंद!" म्हणून ओरडायची. शेवटी गाडी चालू झाली ती कुणामुळे, यावरून पुढे कित्येक शुक्रवार वाद चालला.

बाटलीसारखा गडद हिरवा रंग देऊन झाल्यावर पहिली मोठी फेरी मॅडमच्या भावाकडे, बोरी अरबला निघाली. मला मागे बसवलं होतं, वजन हवं म्हणून. रहीमभाई मॅडमच्या शेजारी, कान इंजिनाकडे. बोरीत नेमका बाजाराचा दिवस. कांद्याच्या आणि मिरच्यांच्या ढिगांमधून ती हिरवी, लांब नाकाची गाडी हळूहळू चालली तशी माणसं बाजूला होऊ लागली. कुणीतरी पुकारलं, उमेदवार आले. एका उत्साही माणसानं फुलवाल्याकडचा हार उचलला आणि खिडकीतून मॅडमच्या गळ्यात घातला.

"ताई, पक्ष कोणता जी आपला?"

"व्हॉलीबॉल," मॅडम म्हणाल्या.

त्या माणसानं मान डोलावली, मागं वळून चारचौघांना सांगितलं, आणि गाडी बाजार ओलांडेपर्यंत दोन-तीन ठिकाणी "व्हॉलीबॉलले मत द्या" असा गलका झाला. भावाच्या दारात वहिनीनं गाडीला ओवाळलं. रहीमभाईंना पानात दोनदा पुरणपोळी वाढली गेली आणि परतताना ते सारा रस्ता गाडीला नाही, मॅडमच्या वहिनीला दुवा देत होते.

आता सगळं झालं होतं. गाडी पळत होती. मॅडमही निवृत्त झाल्या होत्या. असंच चालायचं, असं मला वाटलं, रहीमभाईंनाही वाटलं असणार. पण एका शुक्रवारी चहाचा कप खाली ठेवून मॅडम म्हणाल्या, "झाली ही. आता विकायची."

रहीमभाईंनी तोंडाला लावलेली बशी खाली घेतली. "विकायची? काहून?"

"काहून म्हणजे? पोरगी तयार झाली की मी तिले जिल्ह्यावर खेळाले पाठवतो, का शाळेतच उभी करून ठेवतो? इथं कुठं पळणार आहे ही? शेडात उभी राहून राहून पुन्हा आजारी पडन. पळणाऱ्याच्या हाती गेली पाह्यजे."

रहीमभाईंनी पिशवी उचलली आणि त्या दिवशी सलाम न करताच गेले.

पेपरात छोटी जाहिरात द्यायची ठरली. मॅडमना शब्द वाया घालवलेले आवडत नसत. मी लिहिलेला मजकूर त्यांनी समोर धरून कापायला सुरुवात केली. "'गाडी' कायले लिहिलं? सलून म्हणजे गाडीच नं." गाडी गेली. "'दुरुस्त केलेली' कायले? उत्तम म्हटलं की आलं त्यात." तेही गेलं. शेवटी छापून आलं ते एवढंच: 'स्पोर्ट्स सलून विकणे आहे. इंग्रजी पद्धतीचे. उत्तम, चालू.' खाली मॅडमचा नंबर.

पहिला फोन आर्णीहून आला. मॅडम फोन नेहमी स्पीकरवर टाकून तोंडासमोर धरत, त्यामुळे तो मलाही जिन्यात ऐकू आला.

"सलून विकून राह्यले काय तुमी? मी सुरेश बोलतो, आर्णीहून."

"हो जी."

"खुर्च्या किती आहेत?"

"चार जण आरामात बसते. दाटीनं पाच."

"वा! आरसे?"

"तीन. एक आतमंधी, दोन बाहेर."

पलीकडे जरा विचार झाला. "बाहेर कायले आरसे?"

"मागचं दिसाले."

"हं, बरोबर. मागचं दाखवाच लागते. पाण्याची काय सोय?"

"पाणी लागते थोडं. उन्हाळ्यात पाहून घ्या लागते."

"ते तर सगळीकडंच आहे जी. आणि जागा? भाड्याची का मालकीची?"

"जागा कायले पाह्यजे तुमाले? घेऊन जा नं इथून."

"सलून घेऊन जाऊ?"

"मग! चालवत न्या आर्णीपर्यंत. चालवता येते नं?"

"बाई," पलीकडचा आवाज दुखावला गेला, "वीस वर्षांपासून सलूनच चालवून राह्यलो मी."

"मग या पाहाले," मॅडम खूश होऊन म्हणाल्या. मी जिन्यातच बसलो होतो. सांगावं की नाही, याचा निर्णय होईपर्यंत फोन ठेवलाही गेला होता.

दरम्यान खरी गिऱ्हाइकंही येऊ लागली. वर्ध्याचा एक कापड दुकानदार आला. मॅडमनी रहीमभाईंना मुद्दाम बोलावून घेतलं. किल्ली फिरवली, गाडी नुसती कुरकुरली. रहीमभाई बॉनेटखाली वाकले, बराच वेळ वाकून राहिले आणि मान हलवत वर आले. "आज तबियत नाही हिची." दुकानदार गेला. संध्याकाळी मॅडमनी सहज किल्ली फिरवली, गाडी लगेच चालू. पुढच्या वेळी अमरावतीचं एक जोडपं आलं. पुन्हा तेच. "नाराज आहे," रहीमभाई म्हणाले. जोडपं गेलं आणि थोड्या वेळानं गाडी राजी झाली.

त्या दिवशी मॅडमनी रहीमभाईंच्या गुडघ्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मग नागपूरचे एक डॉक्टर आले. निवृत्त, गोलमटोल, जुन्या गाड्यांचा मनापासून नाद असलेले. नेमके त्याच वेळी आर्णीचे सुरेशभाऊही हजर झाले. त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं, हिरव्या गाडीकडे पाहिलं, सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "सलून मागच्या बाजूले आहे काय?" मी त्यांना बाजूला घेऊन सगळं समजावलं. ते एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आलोच आहे तर गाडी पाहून जातो, म्हणाले.

डॉक्टर गाडीत बसले, किल्ली फिरवली. कुरकुर. रहीमभाई पुढं सरसावले, "हिची तबियत..."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली आणि आत पाहिलं. टोपीखाली रोटर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा असतो. तो फिरला नाही तर इंजिनाला ठिणगी पोचत नाही. तो तिथं नव्हता. मॅडमनी टोपी परत बसवली, बॉनेट लावलं आणि शिट्टी वाजवली.

"सगळे एका रांगेत. उंचीप्रमाणं!"

काय सांगू, आम्ही उभे राहिलो. मी, सुरेशभाऊ, डॉक्टर आणि शेवटी रहीमभाई. डॉक्टर बिचारे गाडी विकत घ्यायला आलेले, पण तेही पोट आत घेऊन उभे होते.

"खिसे बाहेर काढा."

माझ्या खिशातून खडूचे तुकडे पडले. सुरेशभाऊंच्या खिशातून कंगवा आणि छोटी कात्री निघाली. डॉक्टरांनी फार अनमान केलं आणि मग कागदात गुंडाळलेला अर्धा पेढा काढला. "मला साखर आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले, "घरी बोलू नका." मॅडमनी तो पेढा जप्त केला आणि पुढं सरकल्या.

रहीमभाई हलले नाहीत. "मॅडम, माझा खिसा फाटका आहे."

"मग तर पाह्यलाच पाह्यजे."

त्यांनी कुर्त्याच्या खिशातून धुतलेला रुमाल काढला. घड्या उलगडल्या. आत तो रोटर, पुसून लख्ख केलेला. आता स्फोट होणार म्हणून मी पाठ आणखी ताठ केली.

"काहून केलं रहीमभाई?" मॅडमचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता.

रहीमभाई रुमालाकडे पाहत राहिले. "घरी पोरं गॅरेज पाहतात आता. मले म्हणतात, अब्बा, तुम्ही बसा. हप्ताभर बसूनच राहतो मी. एक शुक्रवार होता." मग म्हणाले, "गाडी गेली तर मी कुठं येऊ मॅडम?"

मॅडमनी रोटर उचलला, स्वतःच्या हातानं जागेवर बसवला, टोपी लावली. मग रहीमभाईंना म्हणाल्या, "तुम्ही समोर बसा, डॉक्टरांच्या बाजूले. हात कसा आहे ते पाहा. हात खराब असन तर नाही देत मी, जा."

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. ती फाटकातून बाहेर पडली, रस्त्यावरून दिसेनाशी झाली, आणि मॅडम शेडच्या दारात येरझारा घालत राहिल्या. सामन्याच्या शेवटच्या गुणाला त्या अशाच घालायच्या. गाडी परत आली तेव्हा डॉक्टर घामाघूम आणि आनंदात होते. रहीमभाई सावकाश उतरले. खोटं बोलायची संधी त्यांना होती. एक शब्द पुरला असता.

"हाथ अच्छा है," ते म्हणाले. "गिअर नरमीनं टाकते." आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले.

एवढा वेळ सुरेशभाऊ अवघडून उभे होते. आपण परक्याच्या घरातलं काही पाहिलं असं त्यांना वाटत असावं. ते पुढं झाले आणि म्हणाले, "चाचा, दाढी लय वाढली तुमची. बसा इथं, नीट करून देतो." त्यांनी रहीमभाईंना गाडीच्या पुढच्या सीटवर दार उघडून बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवलं, मॅडमकडून पंचा मागून घेतला, आणि कंगवा-कात्री चालू केली. मधून मधून रहीमभाई बाहेरच्या आरशात वाकून पाहत. डॉक्टर म्हणाले, माझीही कानाजवळची कड पाहा जरा. म्हणजे जाहिरात काही अगदीच चुकली नव्हती.

गाडी पुढच्या रविवारी गेली. डॉक्टर स्वतः चालवत न्यायला आले होते. मॅडमनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, "रोज काढजा बाहेर. उभी ठेवसान तर मी नागपूरले येईन." रहीमभाई त्या दिवशी आले नाहीत.

शुक्रवारी मात्र आले. पिशवीसकट. मॅडमनी शेड झाडून ठेवली होती. दोघं रिकाम्या शेडच्या दारात खुर्च्या टाकून बसले. चहा झाला. पावसाचं बोलणं झालं, कापसाचं झालं, रहीमभाईंच्या नातीच्या परीक्षेचं झालं. मग बोलायचं काही उरलं नाही. इतकी वर्षं ते एकमेकांशी गाडीवरूनच भांडत आले होते, त्याशिवाय दुसरं काही त्यांना येत नव्हतं. रहीमभाई लवकर उठले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पिशवी न घेता आले आणि आणखी लवकर गेले. माझी बायको म्हणाली, आता येणार नाहीत ते.

त्याच सुमाराला माझी वणीला बदली झाली. आम्ही निघालो तो शुक्रवार होता. टेम्पोत सामान चढलं होतं. मॅडमचा निरोप घ्यायला म्हणून मी शेडकडे गेलो आणि दारातच थांबलो.

शेडच्या मधोमध दोरी बांधून तिच्यावर जुनी साडी टाकली होती. जमिनीवर चुन्यानं रेघा मारल्या होत्या. दोरीच्या अलीकडे मॅडम आणि पलीकडे पायजमा घोट्याच्या वर दुमडलेले रहीमभाई, दोघांच्या हातात बॅडमिंटनच्या रॅकेटी. रहीमभाईंनी मारलेलं फूल वाशांना लागून मॅडमच्या मागं पडलं.

"आऊट!" मॅडम म्हणाल्या.

"आऊट कैसा? लाइन पे पडलं नं!"

"लाइनच्या बाहेर आहे."

"मॅडम, तुमाले चष्मा पाह्यजे. पंख लाइनवर आहे त्याचा, देखो."

दोघं दोरीखालून येऊन त्या रेघेपाशी ओणवे झाले. फूल कुणीच उचलेना. मॅडम बोटानं चुना दाखवत होत्या, रहीमभाई जमिनीला गाल टेकवून एका डोळ्यानं पाहत होते, आणि दोघांचे आवाज चढत चालले होते. मी "येतो मॅडम" म्हणालो, ते कुणाला ऐकू गेलं असं वाटत नाही. रस्त्यावरून टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही.